लोकशाहीत डॉक्टरांचं वजन वाढतं की घटतं?

टपरीवरचा:
परवा मेव्हण्याशी वाजलं. तो म्हणे लोकशाहीत डॉक्टरांना कोण विचारतंय, मतं मोजली तर मूठभर, त्यापेक्षा हुकूमशहा बरा, निदान तज्ज्ञ म्हणून मंत्रालयात खुर्ची तरी देतो. पण थायलंडची ३० बाटवाली योजना (बाट म्हणजे तिथलं चलन, ३० बाटात उपचार) डॉक्टरांनीच आणली ना? कोणाला नीट माहितीय का?

निशाचर:
डॉक्टरांनीच, पण बँकॉकच्या बड्यांनी नाही. १९७३ ला विद्यार्थ्यांनी लष्करी राजवट हलवली, त्या काळातली पोरं डॉक्टर होऊन खेड्यात गेली, १९७८ ला ग्रामीण डॉक्टरांची संघटना उभी राहिली. त्यातलाच सांगुआन नित्यारुम्फोंग पुढे आरोग्य मंत्रालयात गेला, सगळ्यांना उपचार हा प्लॅन घेऊन फिरत होता पण पक्ष कुठे भाव देत होते! १९९७ ला नवी राज्यघटना आली, निवडणुकांचं गणित बदललं, पक्षाचा नेता थाकसिन, त्याला मतं खेचणारं काहीतरी हवंच होतं, सांगुआनकडे माल तयार होता. २००१ ला सत्ता आणि २००२ ला कायदा. शिवाय त्याच राज्यघटनेत ५०,००० सह्यांवर लोकांना विधेयक मांडता यायचं, एनजीओंनी त्याही गोळा केल्या.

केसपेपर:
बाँडवर (डॉक्टरकीनंतरची सक्तीची सरकारी सेवा) एक वर्ष ग्रामीण रुग्णालयात काढलंय म्हणून सांगतो. रात्री दोनला साप चावलेलं पोरगं घेऊन बाई आली, पोराचा पाय सुजून टम्म, आणि तिचा पहिला प्रश्न काय, "किती लागतील ओ डॉक्टर?" हे ज्याने ऐकलंय आणि ज्याने नाही, ते दोघं एका बाजूने बोलतील कसे? थायलंडमधे बजेट माणशी वाटायचं ठरलं (पहिल्यांदा १,२०२ बाट) तेव्हा लोक जास्त, डॉक्टर कमी अशा जिल्ह्यांचं फावलं आणि मोठ्या हॉस्पिटलांना कात्री लागली. बोंब झालीच मग, डॉक्टरांचीच.

जोधपुरी:
मूठभर वगैरे काही नाही हो. राजस्थानात मार्च २०२३ ला राईट टू हेल्थ, म्हणजे उपचाराचा हक्क देणारं विधेयक पास झालं, खासगी डॉक्टर दोन आठवडे संपावर, वर्षअखेरीला निवडणूक, सरकार नमलं. ५० बेडच्या आतली खासगी हॉस्पिटलं कायद्याबाहेर ठेवायचं कबूल केलं.

निशाचर:
आणि मेव्हण्यालाही एक पॉइंट देऊन टाका, थायलंडमधे २००६ च्या लष्करी बंडानंतर लष्कराने बसवलेल्या सरकारात मोंगकोल ना सोंगख्ला आरोग्यमंत्री झाले, तेही जुने ग्रामीण डॉक्टरच, त्यांनी एचआयव्हीच्या एफाविरेन्झचं पेटंट बाजूला सारून स्वस्त जेनेरिक आणायची वाट काढली, तीही भारतातून.

टपरीवरचा:
हे त्याला नाही सांगणार :)