मदत हवी आहे : ज्येष्ठ रुग्णाचे म्हणणे ऐकून घेणारे डॉक्टर, कोथरूड परिसर

नमस्कार. मी कोथरूडला राहतो, वय ७६. मधुमेह आणि रक्तदाबाच्या गोळ्या अनेक वर्षांपासून चालू असून, अलीकडे अंथरुणातून उठून उभे राहताच डोळ्यांपुढे अंधारी येते आणि तळपायांना मुंग्या येतात. ज्या रुग्णालयात दाखवतो, तेथील डॉक्टर संगणकावरून नजर न हलवता 'वयोमानानुसार चालायचेच' म्हणतात आणि पुढचे प्रश्न माझ्या मुलाला विचारतात, जणू मी खोलीत नाहीच. (मला अजून व्यवस्थित ऐकू येते.) मेटफॉर्मिन ही मधुमेहाची गोळी दीर्घकाळ घेतल्यास बी-१२ जीवनसत्त्व कमी होऊन मुंग्या येऊ शकतात, आणि अशा अंधारीसाठी रक्तदाब आडवे असताना व उभे राहिल्यावर असा दोन्ही वेळा मोजायला हवा; परंतु हा विषय काढला की 'काका, गूगल कमी वाचा' असे उत्तर मिळते.

कोथरूड, कर्वेनगर किंवा डेक्कन भागात वृद्धांच्या आजारांचे तज्ज्ञ, अथवा सगळ्या गोळ्या एकत्र पाहून अनावश्यक त्या कमी करणारे फॅमिली डॉक्टर कोणाच्या अनुभवात असल्यास कृपया सुचवावे. शुल्काची अडचण नाही. दवाखान्याला लिफ्ट आहे का आणि वेळ ठरवून भेटता येते का, तेही कळवावे.