रातांबा, कोकम, आमसूल, सोल : कशाला काय म्हणावे?

अनुवादिनी : कोकणातील वनस्पतींच्या पारंपरिक उपयोगांवरील एका पुस्तिकेचे मी मराठी भाषांतर करीत आहे. मूळ मजकुरात झाड, ताजे फळ, वाळलेली साल आणि सरबत या चारही गोष्टींना ‘कोकम’ हा एकच शब्द असल्यामुळे ‘कोकम फोडून त्याचे कोकम करावे’ अशी हास्यास्पद वाक्ये तयार होतात. म्हणून ताज्या फळासाठी मी ‘रातांबा’ लिहिले, तर तपासनिसांनी तो ‘बोलीतला’ म्हणून खोडला. प्रमाण लेखनात तो खरोखरच चालत नाही का?

परसबाग : न चालायला काय झाले? झाडावर असतो तो रातांबा. तो फोडून गर व बिया मिठात ठेवल्या की जो रस सुटतो, त्यात साली बुडवून उन्हात वाळवायच्या, आणि असे पुट पुन्हापुन्हा दिल्यावर काळसर, चिवट आमसुले तयार होतात. मिठाचा रस म्हणजे आगळ. सालींच्या ताज्या वाट्यांत साखर भरून बरणी उन्हात ठेवली तर होते ते अमृत कोकम. इतके नेमके शब्द हाताशी असताना सगळ्यांना कोकम म्हणणे हा निव्वळ आळस आहे.

निघंटू : आयुर्वेदाने या फळाला ‘वृक्षाम्ल’ म्हटले आहे. पुस्तिका औषधी उपयोगांचीही असेल, तर तोच शब्द घ्यावा. ‘आमसूल’ हेही माझ्या मते ‘अम्ल’ आणि ‘साल’ यांवरूनच आले असावे.

शब्दखोर : वृक्षाम्लाची कढी मागून पाहा, कोणी वाढते का! ‘सोल’चा संबंध मला तरी सरळ ‘सोलणे’शी दिसतो, आणि ‘रातांबा’ म्हणजे राता, अर्थात लाल, आंबा. शिवाय 2016 साली भौगोलिक मानांकन मिळाले तेही ‘सिंधुदुर्ग आणि रत्नागिरी कोकम’ या नावाने. रूढ झालेल्या शब्दाला आळस कसे म्हणता येईल?

परसबाग : मानांकनाच्या कागदावर एकच नाव लागते, स्वयंपाकघरात लागत नाही. अंगावर पित्त उठले की आमसूल भिजवून त्याचे पाणी लावतात. तिथे नुसते ‘कोकम लावा’ लिहिले, तर वाचक बाटलीतले साखरेचे सरबत अंगाला चोपडेल.

मांडवीकाठ : गोव्यात आम्ही फळाला भिरंड म्हणतो आणि वाळलेल्या सालींना सोलां, म्हणून ‘रातांबा’ हाच एकमेव अस्सल शब्द आहे असे कृपया समजू नये. बियांच्या तेलाचा विषय मात्र अजून कोणीच काढलेला नाही.

परसबाग : ते मुठेल. बिया वाळवून, फोडून, आतला मगज कुटून पाण्यात उकळायचा; वर तरंगणारा स्निग्ध अंश निवला की घट्ट होतो आणि मुठीत दाबून त्याचे गोळे करतात. थंडीत भेगाळलेल्या टाचांना तेच गरम करून लावतात.

निघंटू : जे साध्या तापमानाला घट्ट राहते त्याला तेल म्हणणे शास्त्रशुद्ध नाही. ‘कोकमघृत’ म्हणावे.

शब्दखोर : खोबरेल थंडीत गोठते, त्याला आपण नारळघृत म्हणतो काय?

अनुवादिनी : ‘रातांबा’ ठेवू की नको, एवढे कोणी सांगेल का? उद्या मजकूर द्यायचा आहे.

निघंटू : खोबरेल उन्हाळ्यात पातळ असते, मुठेल नसते, त्यामुळे हे उदाहरणच गैरलागू आहे.

मांडवीकाठ : हल्ली साबणांच्या वेष्टनांवर ‘कोकम बटर’ छापतात, त्यापेक्षा घृत पत्करले.

परसबाग : मुठेल हा शब्द जिवंत असताना दोन्ही कशाला पत्करायचे?