शूबर्टची गाणी ३,८०० खुर्च्यांपुढे? लिसे डेव्हिडसनच्या रिसायटलवरून

बैठकवाला (सप्टेंबर २०२३)
येत्या १४ तारखेला न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन ऑपेरात (म्हणजे 'मेट'मध्ये) लिसे डेव्हिडसनचं रिसायटल आहे, म्हणजे नाटक-ऑर्केस्ट्रा नाही, फक्त पियानोच्या साथीने गाणी. ज्यांनी नाव ऐकलं नसेल त्यांच्यासाठी: नॉर्वेची सोप्रानो (सर्वात उंच स्त्री-आवाजाची गायिका), वय ३६. २०१५ला लंडनमध्ये ऑपेरालिया स्पर्धा जिंकली, २०१९ला बायरॉइट (वाग्नरच्या ऑपेरांचा जर्मनीतला महोत्सव) आणि मेट दोन्हीकडे पदार्पण. आवाज असा की वाग्नरचा अख्खा ऑर्केस्ट्रा अंगावर आला तरी त्याच्या वरून निघून जातो. त्याबद्दल वाद नाहीच.

माझी तक्रार जागेबद्दल आहे. मेटमध्ये ३,८००च्या आसपास खुर्च्या, आणि साथीला एकटा पियानो. अशा कार्यक्रमांत गायली जाणारी संगीतकार शूबर्टची गाणी मुळात व्हिएन्नात मित्रांच्या दिवाणखान्यात गायली गेली. लंडनच्या विगमोर हॉलमध्ये साडेपाचशे खुर्च्या आहेत, या गाण्यांना तेवढं पुष्कळ झालं. ठुमरीला मैदान दिलं की काय होतं ते आपण ऐकलंय: भाव जातो, हातवारे उरतात. इथेही नाव मोठं झालं म्हणून घर मोठं घेतलंय, दुसरं काही नाही.

मंडपातला
मग सवाई बंद करायचा का? १९५३पासून लोक मंडपात बसून ख्याल ऐकतायत. भीमसेनजींचं गाणं शेवटच्या रांगेत पोचत नव्हतं असं म्हणणारा मला अजून भेटायचाय.

बैठकवाला
सवाईला माईक असतो हो. बाई माईकशिवाय गाणार आहेत. आणि भीमसेनजींचं गाणंच ऐसपैस होतं. तुम्ही उदाहरण नेमकं तुमच्या सोयीचं काढलंत.

ध्वनीफितूर
मोठा आवाज म्हणजे नुसता जोर नव्हे. पुरुष गायक ३,००० हर्ट्झच्या आसपास आवाजाला धार आणतात. ऑर्केस्ट्राचा जोर तिथे ओसरलेला असतो, म्हणून ते ऐकू येतात. सोप्रानोचा सूर मुळातच उंच, तिला त्या युक्तीची गरज कमी. पियानोपुढे तर प्रश्नच नाही. उलट तिने हात आखडता घेतला नाही तर बिचारा पियानो बुडायचा.

एडिसनची मावशी
मी याच वसंतात तिची मार्शालिन (स्ट्राउसच्या 'रोझेनकावालिअर' ऑपेरातली भूमिका) मेटमध्ये ऐकली, अगदी वरच्या फॅमिली सर्कलमधून. तिथून माणसं बोटाएवढी दिसतात. पहिल्या अंकाच्या शेवटी चांदीच्या गुलाबाचं नाव घेताना एक अगदी हळू, वरचा सूर आहे. शेजारचे आजोबा खोकल्याच्या गोळीचा कागद सोडत होते, ते अर्ध्यावर थांबले. एवढ्या वर तो सूर आला, भाऊ. दिवाणखाना वगैरे ठीक आहे, पण गळा असेल तर दिवाणखाना वरपर्यंत येतो.

बैठकवाला
मावशी, तो स्ट्राउस. खाली ऑर्केस्ट्राची गादी होती, पोशाख होता, अख्ख्या अंकाची गोष्ट पाठीशी होती. रिसायटलमध्ये दर चार मिनिटांनी नवं माणूस व्हायचं आणि तेही एकाच गाऊनमध्ये. ते चेहऱ्यावर घडतं. बोटाएवढ्या माणसाचा चेहरा दिसतो का?

काळी चार
तुम्ही दोघं जागेवर अडलात. मला वाटतं, या टप्प्यावर तिने रिसायटल करायलाच हवं. बर्गनला शिकताना ती मेझो (सोप्रानोपेक्षा खालच्या पट्टीची) होती. सोप्रानो झाली ती नंतर, कोपनहेगनला. इतका मोठा आवाज मिळाला की सगळी ऑपेरागृहं इझोल्ड, ब्रुनहिल्ड अशा वाग्नरच्या जड भूमिका करा म्हणत मागे लागतात. तिने अजून इझोल्ड गायलेली नाही. हे शहाणपण आहे. रिसायटलमध्ये आवाज लहान करावा लागतो, शब्द स्वच्छ लागतात. रियाजच समजा. फेब्रुवारीत त्याच रंगमंचावर वेर्दीच्या ऑपेरातली लिओनोराची भूमिका आहे, त्याआधी हे बरंच.

मंडपातला
रियाज करायला लोकांकडून तिकिटाचे पैसे घ्यायचे, हे मात्र आवडलं :)

एडिसनची मावशी
माझं तिकीट काढून झालंय. पुन्हा तिथेच, वर. दुर्बीण नेणार नाही, बैठकवाल्यांसाठी मुद्दाम.

बैठकवाला
जरूर जा. टाळ्या किती पडल्या ते नका सांगू. शूबर्टचं 'एर्लकोनिग' गायली तर त्यातला बाप, मूल आणि ते भूत तिघं वरच्या रांगेत वेगवेगळे ऐकू आले का, तेवढं लिहा.