अनुभव द्या : शुगर आटोक्यात ठेवताना (नाशिक आणि आसपास)

गंगापूररोडवाला

मागच्या दिवाळीआधी ऑफिसच्या तपासणीत उपाशीपोटी शुगर १६८ आली, एचबीए१सी (तीन महिन्यांच्या सरासरी साखरेची तपासणी) ८.४. वय ४४. चार दिवस घरात कुणाला बोललो नाही. पाचव्या दिवशी धुवायला टाकलेल्या पँटच्या खिशात बायकोला रिपोर्ट सापडला. मग जे व्हायचं ते झालं.

तेव्हापासून भेटेल तो सल्ला देतोय. भात बंद कर, भात खा पण पोळी बंद कर, कारल्याचा रस घे, काहीच घेऊ नकोस. म्हणून हा धागा. सल्ला नको, तुम्ही काय केलंत आणि आकडा काय झाला ते लिहा. चुकलं असेल तर ते आधी लिहा. औषधांची नावं आली तरी चालतील, पण कुणी कुणाचा डोस उचलायचा नाही.

माझ्यापासून सुरुवात. डॉक्टरांनी मेटफॉर्मिन (शुगरची गोळी) सुरू केलं आणि म्हणाले, घरी शुगर मोजायचं मीटर घ्या, रोज बोट टोचायची गरज नाही, पण ज्या पदार्थाबद्दल शंका आहे तो खाऊन दोन तासांनी बघा. पहिली शंका अर्थातच मिसळ. रविवारी मखमलाबाद रोडला नेहमीसारखं खाल्लं : मिसळ, दोन पाव, रस्सा परत घेतला, वर जिलबी. २४१. पुढच्या रविवारी तीच मिसळ, मटकी जास्त, सोबत दही, पाव एकच, जिलबी नाही, आणि घरी येऊन सोफ्यावर न पडता सोमेश्वरच्या दिशेनं अर्धा तास चाललो. १६२. मी इतकी वर्षं तर्रीला घाबरत होतो. ती बिचारी निर्दोष निघाली (शुगरपुरती. तेलाचा हिशेब वेगळा).

सात महिने झाले. एचबीए१सी ७.१. वजन ८३ वरून ७७. आता तुम्ही लिहा.

सिडकोची सूनबाई

माझी नाही, सासूबाईंची गोष्ट. वय ६८, बारा वर्षांची शुगर. सोमवार, चतुर्थी, दोन्ही एकादश्या, नवरात्राचे नऊ दिवस. म्हणजे महिन्यात आठ दिवस साबुदाण्याची खिचडी, बटाट्याची भाजी आणि वर रताळ्याचा कीस. डॉक्टरांनी उपास सोडा म्हटलं की या मान हलवतात आणि घरी येऊन म्हणतात, "त्यांचं त्यांच्यापाशी."

मी भांडायचं सोडून मीटर घेतलं. खिचडीनंतर २७८. मग भगर आणि दाण्याची आमटी करून दिली, मला वाटलं जिंकले. २३५. भगर हलकी असते म्हणतात, पोटाला असेल. शेवटी भगर दोन डाव, आमटी वाटीभर, काकडीची कोशिंबीर आणि ताक असं ताट बसलं. १७० ते १८० मध्ये राहते. त्यांनी ते मान्य केलं कारण आकडा त्यांनी स्वतः वाचला, मी सांगितला नाही.

पण खरी भीती वेगळीच होती. आषाढीला त्यांनी सकाळची ग्लिमेपिराइड (शुगर उतरवणारी गोळी) घेतली आणि दुपारपर्यंत पाण्याशिवाय काही नाही. साडेबाराला देवघरासमोर बसल्या बसल्या घामानं साडी भिजली, हात थरथरत होते, मला माझ्या नणंदेच्या नावानं हाक मारली. मीटरवर ५४. तीन चमचे साखर पाण्यात ढवळून आणली तर तोंड मिटून घेतलं. मी म्हटलं, "आई, साखर उपासाला चालते." तेव्हा प्यायल्या. पंधरा मिनिटांनी ९२. त्यानंतर डॉक्टरांनी गोळी बदलली आणि मला विचारलं, उपासाचं आधी का नाही सांगितलं? आम्हाला वाटलं ओरडतील.

गंगापूररोडवाला

सूनबाई, "उपासाला चालते" हे तुम्हाला त्या क्षणी सुचलं, त्याला दाद. ७० च्या खाली गेली की आधी साखर, बाकी चौकशी नंतर. पण माणूस बेशुद्ध असेल तर तोंडात काही घालायचं नाही, थेट दवाखाना. हे मला माझ्या डॉक्टरांनी दोनदा वदवून घेतलंय.

दिंडोरीचा बागायतदार

आमच्याकडं द्राक्षाची गोडी मोजायला रिफ्रॅक्टोमीटर असतो. काचेवर मण्याचा रस टाकायचा, उजेडाकडं धरायचा, ब्रिक्स दिसतो. १८ लागला म्हणजे शंभर ग्रॅम रसात अठरा ग्रॅमच्या आसपास साखर. ऑक्टोबरला गोडी छाटणी झाली की फेब्रुवारीपासून हेच काम. पंचवीस वर्षं घडाची साखर मोजली, आपली कधी मोजली नाही.

अन् मोजता मोजता चाखायचं. या झाडाचे चार मणी, त्या झाडाचे चार. दिवसाकाठी अर्धा किलो सहज पोटात जात असतील. तहान लागायची, रात्री चार वेळा उठायचो. वाटायचं, ऊन लागलं.

कळलं ते पायामुळं. बाभळीचा काटा तळव्यात मोडला अन् मला पत्ताच नाही. चार दिवसांनी मंडळी म्हणाली, चादरीला डाग कसला? दीड महिना जखम भरंना. नाशिकला दाखवलं, शुगर ३४०. डॉक्टरांनी नायलॉनचा बारीक दोरा तळव्याला टेकवून विचारलं, लागतो का? डोळे मिटलेले होते. दहा ठिकाणी टेकवला म्हणाले, मला तीन ठिकाणी कळला.

बोटं वाचली. चार महिने इन्सुलिन घेतलं, आता गोळ्यांवर आहे. बागेत अनवाणी जात नाही. बुटात पाय घालायच्या आधी बूट उलटा करून झटकतो. रात्री बॅटरी लावून तळवे बघतो, मला वाकता येत नाही म्हणून मंडळी आरसा धरते. सुरुवातीला लाज वाटायची.

अंबड, थर्ड शिफ्ट

डॉक्टर म्हणाले, गोळी सकाळ-संध्याकाळ जेवणासोबत. माझी सकाळ कुठली? फर्स्टला पहाटे साडेपाचला उठतो, थर्डला तेव्हा मशीनवर उभा असतो. दर आठवड्याला शिफ्ट फिरते. मी घड्याळ बघून आठला गोळी घ्यायचो, कधी रिकाम्या पोटी. मळमळ, जुलाब. दोन महिन्यांत बंदच केली.

दुसऱ्या डॉक्टरांनी शिफ्टचा कागद मागितला. म्हणाले घड्याळ सोडा, झोपून उठल्यावरचं पहिलं मोठं जेवण ती तुमची सकाळ. मेटफॉर्मिन हळू विरघळणारी दिली, पोट शांत झालं. रात्री तीनचा वडापाव आणि दोन कटिंग बंद, डब्यात मोड आलेली मटकी आणि दोन पोळ्या. थर्डच्या आठवड्यात आकडे अजूनही चढतातच. झोप झाली नाही की काहीही खा, चढतात. यावर कुणाकडे उपाय असेल तर सांगा. नोकरी सोडा हा सोडून.

नाशिकरोड, निवृत्त

मी मूर्ख ठरलो ते लिहितो, कुणाच्या उपयोगी पडेल. नात्यातल्या एकाने काढा सांगितला, जांभळाच्या बिया आणि आणखी कायकाय. तीन महिने काढा घेतला आणि गोळ्या बंद केल्या. वजन नऊ किलो उतरलं. ओळखीचे म्हणायचे, काय फिट झालात! मीही खूश. मुलगा एकटाच म्हणत होता, बाबा, गालफडं बसलीत.

शुगर ४१२ होती. शरीर साखर वापरू शकत नव्हतं म्हणून चरबी आणि स्नायू जाळत होतं. त्याला मी प्रकृती सुधारली समजत होतो.

इन्सुलिन म्हटल्यावर रडलो. आमच्या पिढीत इन्सुलिन म्हणजे शेवट. तसं काही नाही. सुई चार मिलिमीटरची, डास जास्त चावतो. जागा बदलत राहायची, नाहीतर गाठी होतात. मे महिन्यात प्रवासात इन्सुलिनचं पेन गाडीत ठेवू नका. गावाला फ्रिज नसतो तिथे मी ते पिशवीत बांधून माठाला टेकवून ठेवतो. एचबीए१सी आता ७.४. डॉक्टर म्हणतात तुमच्या वयाला पुरे, सातच्या खाली ओढायच्या नादात शुगर फार उतरून पडलात तर हाड मोडाल.

एक नऊ वर्षं जुनी पेशंट

तळपायाला मुंग्या यायच्या, डायबेटिसच्याच म्हणून सोडून दिल्या. बी१२ जीवनसत्त्व तपासलं तर १४०, म्हणजे कमी. शुद्ध शाकाहारी आणि वर मेटफॉर्मिन, दोन्हींनी ते कमी होतं. जास्त वर्षं मेटफॉर्मिन चालू असेल तर बी१२ करून घ्या.

त्र्यंबकची लेक

पेठ, सुरगाणा, त्र्यंबक आमची नागलीची गावं (तुम्ही नाचणी म्हणता). शुगर निघाल्यावर आईनं नागलीचं पीठ पाठवलं, रोज सकाळी मोठा वाडगा पेज. नागली म्हणजे औषधच असं ऐकत मोठी झालेय. महिन्याने सकाळचे आकडे वाढलेले.

आहारतज्ज्ञ बाईंनी पाकिटामागचा तक्ता वाचायला लावला. गहू, ज्वारी, नागली, यातलं कुठलंही पीठ घ्या, शंभर ग्रॅममध्ये साठ-सत्तर ग्रॅम कर्बोदकं. नागलीत तंतू आणि कॅल्शियम आहे, पण बारीक पिठाची पातळ पेज म्हणजे गटागट पोटात. तीच नागली भाकरी करून, एकच, सोबत मेथीची भाजी आणि कुळथाचं पिठलं, तर माझा आकडा पन्नासनं खाली. आईला हे अजून पटलेलं नाही.

कृषीनगर, पहाटे सहा

५७ वय, बाई. दोन वर्षं ट्रॅकवर नेमानं फेऱ्या, शुगर १५० च्या खाली येईना. गुडघे मात्र गेले. फिजिओथेरपिस्ट म्हणाली, स्नायू कुठे आहेत तुमचे? खुर्चीवरून हात न टेकता दहा वेळा उठायचं, पाण्याच्या बाटल्या घेऊन दंडाचे व्यायाम, आठवड्यात तीनदा. स्नायू वाढला की साखर जायला जागा मिळते म्हणे. चार महिन्यांत उपाशीची १२० च्या आसपास आली. चालणं आता फक्त जेवणानंतर पंधरा मिनिटं, गच्चीवर. मैत्रिणी म्हणतात ट्रॅकवर येत नाहीस. गप्पा चुकतात हे खरं.

पुन्हा वाढलेला

१४ किलो घटवले, डॉक्टरांनी स्वतः गोळ्या काढल्या, एचबीए१सी ५.९. सोसायटीत माझं भाषण ठेवलं होतं. दोन वर्षांनी सहा किलो परत आले आणि आकडा ७.१. गोळी पुन्हा सुरू. भाषण ऐकलेले लोक लिफ्टमध्ये भेटतात.

गंगापूररोडवाला

दादा, तुमचा अनुभव मला सगळ्यात जास्त उपयोगी पडला, कारण मीही मनात ते भाषण लिहायला घेतलं होतं.

एक राहिलं. डोळ्यांचा पडदा आणि लघवीतली प्रथिनं वर्षातून एकदा कोण तपासतं? मी मीटरच्या नादात दोन्ही विसरलो होतो. आता पुढच्या आठवड्याची वेळ घेतली आहे. बाहुली मोठी करायचे थेंब घालतात, तेव्हा गाडी चालवत जाऊ नका.

आणि दिंडोरीचे काका, सीझन तोंडावर आहे. द्राक्षं किती खाता आता?

दिंडोरीचा बागायतदार

दहा मणी. मोजून, दुपारी चारला, शेंगदाण्यांसंगं. जेवणावर नाही. घड चाखायचं काम पोराकडं दिलंय. त्याला म्हटलं चाख, पण सहा महिन्याला तुझंबी रक्त तपासायचं. तो म्हणतो मी तिशीचा आहे. मीबी तिशीतच चाखायला लागलो होतो.