मदत हवी आहे: बॉम्बर बेसपर्यंत पोचतच नाही

रात्रपाळी
वॉर थंडर या ऑनलाइन युद्धाच्या गेममध्ये चार इंजिनांचं बॉम्बर उडवणारं कुणी आहे का इथे? वैताग आलाय. दर वेळी जिथे बॉम्ब टाकायचे त्या शत्रूच्या बेसच्या अलीकडेच पाडतात. मागून मेसरश्मिट १०९ हे जर्मन फायटर येतं, शेपटीला चिकटतं आणि आपले गनर ढिम्म. बॉम्ब पोटात तसेच आणि विमान जमिनीत. यूट्यूबवर जो तो 'वर चढा' सांगतो. चढतोच आहे की! अजून काय करायचं? आज रात्री मित्रांबरोबर खेळायचंय, जरा लवकर सांगा.

उडता_खेकडा
मोड कुठला? आर्केड, रिअलिस्टिक की सिम्युलेटर? उंची किती? इंधन किती भरता? डॉक्टरला फोन करून नुसतं 'दुखतंय' म्हणण्यातला प्रकार झाला हा.

रात्रपाळी
रिअलिस्टिक. माउस. इंधन पूर्ण. उंची मिळेल तेवढी.

तात्या_टर्बो
माउस वाचलं आणि विषय संपला. आधी जॉयस्टिक घ्या. एवढं जड विमान माउसने हाकायचं म्हणजे थट्टा आहे. मी सिम्युलेटर मोडशिवाय हात लावत नाही.

शेंगदाणा_चटणी
तात्या, तो रिअलिस्टिक खेळतोय. तिथे समोरचा फायटरवाला माउसनेच नेम धरतो, हा जॉयस्टिक घेऊन काय करणार? आणि गनरच्या जागी बसून गोळ्या मारायला माउसच बरा.

तात्या_टर्बो
मग त्याला फ्लाइट सिम्युलेटर म्हणू नका, एवढंच माझं म्हणणं.

किल्लेदार
झालं, धागा भरकटला. रात्रपाळी, नीट ऐका. गनर आपोआप गोळ्या मारतात पण फार जवळ आल्यावर, आणि क्रूचे गुण वाढवले नसतील तर नेमही यथातथाच. म्हणून शत्रू दिसला की गनरचा ताबा स्वतः घ्यायचा. बी-१७जी या अमेरिकन बॉम्बरवर पॉइंट फिफ्टीच्या (अर्धा इंची गोळीच्या) तेरा मशीनगन आहेत, तुमच्या मागे सरळ रेषेत लागलेला माणूस मूर्ख ठरला पाहिजे. विरळ हवेतही इंजिनात हवा कोंबणारे टर्बोसुपरचार्जर आहेत, सात हजार मीटरवर जा आणि तिथून निवांत टाका.
आणि एकटे जाऊ नका. खरी बी-१७ दाट फळी धरून जायची, एकमेकांच्या गनांनी एकमेकांना झाकत. तरीसुद्धा १४ ऑक्टोबर १९४३ ला जर्मनीतल्या श्वाइनफुर्टवर निघालेल्या २९१ पैकी ६० परत आली नाहीत. कारण शेवटपर्यंत सोबत जाईल असं फायटर नव्हतं. तुमचे मित्र आहेत ना? दोघांना फायटर घ्यायला सांगा.

मी_पिंग
लॅपटॉप तापतो का? चार कोपऱ्यांखाली बाटलीची झाकणं ठेवून बघा. माझा पंख्याचा आवाज निम्मा झाला.

रात्रपाळी
लॅपटॉप नाहीये हो माझा. आणि किल्लेदार, सात हजार कुठलं? साडेपाच हजाराच्या पुढे विमान नुसतं रडतं. शिवाय शत्रू पोटाखाली शिरला की एकही गन तिकडे वळत नाही. तेरा गन कुठून आणू?

उडता_खेकडा
एक मिनिट. विमान नक्की कुठलं आहे?

रात्रपाळी
लँकेस्टर मार्क थ्री, ब्रिटिश. बी-१७ मी कधी म्हटलं? चार इंजिनं म्हटलं.

शेंगदाणा_चटणी
😂😂 किल्लेदारांचा निबंध पाण्यात.

किल्लेदार
श्वाइनफुर्ट तरीही खरंच आहे.

उडता_खेकडा
आता सगळं गणित बदललं. लँकेस्टर रात्री उडण्यासाठी होतं, तुम्ही भर दुपारी नेताय. पॉइंट थ्री-ओ-थ्रीच्या आठ गन: पुढे दोन, पाठीवर दोन, शेपटीत चार. पोटाखाली काहीच नाही. जर्मनांनी नेमकं हेच हेरून रात्रीच्या फायटरवर वर तोंड केलेल्या तोफा बसवल्या होत्या. तुमच्या मर्लिन इंजिनांना एकाच टप्प्याचा सुपरचार्जर, त्यामुळे विरळ हवेत दम लागणारच. सात हजाराचा नाद सोडा.
काय करायचं: इंधन किमान. पूर्ण टाकी कशाला, बर्लिनला जायचंय? हजार पौंडी चौदा बॉम्ब घेता तेव्हा चढायची बोंब असतेच, वर हे ओझं. बॉम्बर हवेतच मिळतं, पण सरळ बेसकडे सुटू नका. शत्रूची फायटर जमिनीवरून चढत असतात, त्यांची वाट नकाशाच्या मधून असते. तुम्ही कडेने चढा.

तात्या_टर्बो
कडेने फिरून पोचेपर्यंत बेस दुसऱ्यानेच उडवलेला असतो. मग चौदा बॉम्ब घेऊन पर्यटन.

उडता_खेकडा
एक बेस जाईल, सगळे नाही जात. पाडून घेण्यापेक्षा बरं.
पुढचं: शत्रू खालून येताना दिसला की त्याच्या बाजूला हलकं वळा, म्हणजे तो पोटाखालून सुटून शेपटीच्या गनसमोर येतो. नेम १०९ च्या नाकावर. त्याचं इंजिन द्रवाने थंड होतं, छोट्या गोळ्यांनीही गळती लागते. पंख तोडायच्या भानगडीत पडू नका. अगदीच अंगावर आला तर तो ज्या बाजूने येतोय तिकडेच खाली सूर मारा आणि मग उलट्या बाजूला वर. लँकेस्टरचे वैमानिक हेच करायचे. बॉम्ब टाकताना मात्र विमान सपाट हवं. आणि टाकल्यावर बघत बसू नका! पाच हजार मीटरवरून खाली जायला अर्ध्या मिनिटाहून जास्त लागतं. लगेच वळा.

शेंगदाणा_चटणी
+१. वळायच्या मुद्द्याला +१००.

लोहगावकर
अवांतर: आपल्या हवाई दलाकडेही चार इंजिनी बॉम्बर होतं, बी-२४ लिबरेटर. इंग्रजांनी कानपूरला निकामी करून टाकलेली विमानं एचएएलने (बंगळूरच्या विमान कारखान्याने) पुन्हा उडती केली. १९४८ साली पाचवी स्क्वाड्रन त्यांवरच उभी राहिली. १९६८ पर्यंत वापरात होती.

किल्लेदार
ती बंगळूरला नेली कुणी ते सांगा की. एचएएलचे टेस्ट पायलट जमशेद मुन्शी. भंगारातून उठवलेलं विमान उडवायचं म्हणजे काळीज लागतं. वेगळा धागा काढा यावर.

मी_पिंग
लिबरेटर खेळायला मिळतं का? लॅपटॉपवर चालेल?

रात्रपाळी
बेस उडाला!! शेपटीतून एक १०९ पण पेटवलं. दोन इंजिनं बंद आहेत, धावपट्टी समोर दिसतेय आणि चाकं खाली येत नाहीयेत. कळ कुठली? लवकर!

शेंगदाणा_चटणी
जी. वेग आधी कमी कर, नाहीतर तुटतील.

तात्या_टर्बो
जॉयस्टिकला त्यासाठी वेगळं बटण असतं.