मदत हवी आहे: 'लेट'चा अर्थ (तातडीचं)

बोरीबंदर_स्लो
'लेट' या इंग्रजी शब्दाला 'परवानगी देणे' सोडून दुसरा अर्थ आहे का? जुनापुराणा असला तरी चालेल. उद्या सकाळी कागद द्यायचाय. गूगल करा म्हणू नका, झालंय करून.

लष्करच्या_भाकऱ्या
लेट म्हणजे उशीर. यात अडलं कुठे?

बोरीबंदर_स्लो
तो नाही हो! एल-ई-टी.

पागडीवाला
भाड्याने देणे. 'टू लेट'ची पाटी पाहिली नाही का कधी? आणि करार रजिस्टर करून घ्या, नुसत्या नोटरीवर राहू नका. भाडे नियंत्रण कायदा १९९९, कलम ५५.

शब्दवेडी
पूर्ण वाक्य द्याल का? हवेत बाण किती मारायचे!

बोरीबंदर_स्लो
आजोबांचं खरेदीखत आहे, इंग्रजीत. जमीन त्यांनी 'विदाउट एनी लेट ऑर हिंडरन्स' उपभोगावी असं लिहिलंय. अ‍ॅप म्हणतंय 'परवानगीशिवाय'. म्हणजे आजोबाच घुसखोर!

शब्दवेडी
हे आधी सांगायचं ना. ही दोन वेगळी क्रियापदं आहेत. जुन्या इंग्रजीत 'लॅटन' म्हणजे जाऊ देणे आणि 'लेट्टन' म्हणजे अडवणे. पुढे उच्चार एक झाला आणि अडवणारं मागे पडलं. हॅम्लेट भुताच्या मागे निघतो, सोबती त्याला धरून ठेवतात, तेव्हा तो म्हणतो की मला जो 'लेट' करेल त्याचंच भूत करीन. १६११च्या बायबलमध्येही हे क्रियापद आहे. तुमच्या खतात त्याचंच नाम आलंय: अडथळा.

टॉपस्पिन
टेनिसमध्ये सर्व्हिस जाळीला लागून पडली की लेट. तो मात्र 'नेट'चा अपभ्रंश.

शब्दवेडी
स्क्वॉशमध्येही लेट असतो. तिथे जाळी कुठली?

टॉपस्पिन
आमचे कोच 'नेट'च म्हणायचे. तीस वर्षं शिकवत होते.

लष्करच्या_भाकऱ्या
मग उशीरवाला 'लेट' कुठून आला?

शब्दवेडी
त्याच घरातला. अडवणारा 'लेट' म्हणजे मुळात उशीर करायला लावणं. तेव्हा तुम्ही अगदीच चुकला नव्हतात.

लष्करच्या_भाकऱ्या
😎

परदेशस्थ_पुणेकर
पासपोर्ट उघडा, राष्ट्रपतींच्या नावाने केलेल्या विनंतीत हेच शब्द आहेत. वर हिंदीत 'बिना रोक-टोक'. यावरून आठवलं, लग्नानंतर बायकोचं नाव बदललं नाही तर रिन्यूअलला त्रास होतो का?

बोरीबंदर_स्लो
वेगळा धागा काढा की राव! मला मराठी वाक्य हवंय.

कोर्टाची_पायरी
"लिहून घेणार यांनी सदर मिळकतीचा कोणाच्याही हरकतीशिवाय व अडथळ्याशिवाय उपभोग घ्यावा." पुढे 'बाय द व्हेंडर' असेल तर 'कोणाच्याही'ऐवजी 'लिहून देणार यांच्या' घाला. आहे का ते?

बोरीबंदर_स्लो
आहे. आणि त्यापुढे आणखी पाऊण पान आहे.

कोर्टाची_पायरी
ते वकिलाकडे न्या. फुकटात एवढंच.

पागडीवाला
भाडेकरू आहे का त्या जमिनीवर?