तळघराचं दार आतून कुणी लावलं? 'अ वुमन इन बर्लिन' पाहिल्यावर

मुरारजीपेठकरीण
रविवारी आमच्या घरी आम्ही सात जणींनी मिळून 'अ वुमन इन बर्लिन' पाहिला. २००८चा जर्मन चित्रपट, दिग्दर्शक माक्स फेर्बरब्योक, मुख्य भूमिकेत नीना होस. एप्रिल १९४५. बर्लिन पडतंय, रशियन फौज गल्लीबोळात शिरली आहे. सुरुवातीच्या दिवसांत एकामागून एक सैनिकांचे अत्याचार झाल्यावर नायिका ठरवते की एखादा मोठा अधिकारी गाठायचा, म्हणजे बाकीचे लांब राहतील. तिला रशियन बोलता येतं, त्याचा ती उपयोग करते. पुढे एक मेजर येतो, आणि त्याच्यामुळे घरात खायला येतं.

चहा होईपर्यंत आमच्यात दोन तट पडले. एक मैत्रीण म्हणाली, "काही म्हण, तडजोड केलीच ना तिने?"

मला तो शब्द तिथे पटत नाही. तडजोडीत दोघांनाही 'नाही' म्हणायची सोय असते. तिला 'नाही' म्हणायची सोय नव्हती, तिच्यापुढे दुसरा पर्यायच नव्हता. चित्रपट ज्या डायरीवर बेतला आहे, ती २० एप्रिल ते २२ जून १९४५ या काळातली आहे, आणि मी ती आधी वाचली होती. त्यातला एक प्रसंग डोक्यातून जात नाही. दुसऱ्या बाईला सोडवायला ही तळघरातून बाहेर येते आणि स्वतःच सापडते. तेवढ्यात तळघरातल्या शेजाऱ्यांनी दार आतून लावून घेतलेलं असतं. पुढे ती ज्या विधवेबरोबर राहते, ती आणि तिचा भाडेकरू मेजरने आणलेलं खातात. मेजर गेल्यावर मात्र त्याच भाडेकरूला हिच्या ताटातले बटाटे खुपायला लागतात, आणि हिला परत वर माळ्यावरच्या खोलीत जावं लागतं.

नीतीचा हिशोब मांडायचाच तर दार लावणाऱ्यांपासून मांडू या. आपण दरवेळी तिच्यापासूनच का सुरू करतो?

बाळीवेसकर
ताई, तळमळ समजली, पण मत पटलं नाही. माझं वय बहात्तर. आमचं मूळ गाव नळदुर्गच्या अलीकडे, निजामाच्या हद्दीत. १९४८च्या उन्हाळ्यात रझाकार गावात आले तेव्हा माझ्या थोरल्या काकूने विहीर जवळ केली. बाकीचं कुटुंब रातोरात बैलगाडीने सोलापुरात आलं. ही गोष्ट ऐकतच मी मोठा झालो. 'तिच्यापुढे दुसरा मार्गच नव्हता' असं तुम्ही त्या नायिकेबद्दल म्हणता, तेव्हा माझ्या काकूने काय केलं? मार्ग होता आणि तिने तो घेतला. जगणाऱ्या बाईला दोष देऊ नका, कबूल. पण तिची बाजू मांडताना मेलेल्या बाईचं मोल कमी होऊ नये, एवढंच म्हणणं आहे.

विडीघरकुल
काका, तुमच्या काकूंना हात जोडून बोलते, राग मानू नका. काकूंचं मोल कोण कमी करतंय? पण विहिरीची गोष्ट आपण पोरींना सांगतो तेव्हा त्यांच्या कानात काय पडतं? वाईट झालं तर मरायचं, तरच नाव राहील.

माझी आई चाळीस वर्षं विड्या वळायची. माल तपासणारा माणूस चांगल्या विड्या छाटात, म्हणजे नापास मालात, टाकायचा आणि आत येऊन बोल म्हणायचा. आई धाकट्या मावशीला घेऊन जायची, हसून बोलायची, माल पास करून आणायची. घरी आल्यावर कितीतरी वेळ हात धूत बसायची. ते हसणं तडजोड होती म्हणाल तर मला राग येईल. त्या हसण्यावर आम्ही तिघी शिकलो.

पूर्वभागकर
अक्का, आईंबद्दल आदर ठेवूनच सांगतो, ही तुलना मला नको वाटते. शांततेच्या काळातल्या त्या माणसाविरुद्ध निदान युनियनकडे जाता येतं. लढाईत दाद कुणाकडे मागायची?

माझा आक्षेप वेगळा आहे, आणि तो चित्रपटावर आहे. डायरीतली बाई स्वतःला सोडत नाही. मेजर माझ्यावर जबरदस्ती करतो असं म्हणता येणार नाही, मी हे लोणी-साखरेसाठी करते का, तर काही अंशी हो, आता मी स्वतःला वेश्या म्हणायचं का, असं ती थंडपणे लिहीत जाते. चित्रपटात याच नात्याला हळुवार नजरा मिळतात, पियानो मिळतो. प्रेक्षकाला 'चला, प्रेम तरी होतं' असं वाटून सुटका होते. ही सुटका मला अप्रामाणिक वाटली.

दुसरं म्हणजे 'तिला पर्यायच नव्हता' या वाक्यात तिची अक्कल, तिचा निर्णय कुठे गेला? तिने विचार करून अधिकारी निवडला. ती हिशोबी होती, धीट होती. आणि ती नाझी राजवटीत पत्रकारिता केलेली बाई होती, हेही सोडून चालणार नाही. जर्मनांनी रशियातल्या लेनिनग्राडला घातलेला वेढा ८७२ दिवस चालला. डायरीतच एक तरुण रशियन सैनिक सांगतो की त्याच्या गावात जर्मनांनी लहान पोरांची डोकी भिंतीवर आपटली, आणि ते तिलाच आपल्या लोकांसाठी जर्मनमध्ये सांगावं लागतं.

मुरारजीपेठकरीण
पूर्वभागकर, पियानोबद्दल तुमचं शंभर टक्के बरोबर. मलाही तो भाग खोटा वाटला. 'पर्यायच नव्हता' हा शब्दही मागे घेते. तिने निवड केली. पण कशातून? अनेक लांडगे की एकच लांडगा, एवढ्यातून. त्या निवडीत तिची हुशारी दिसते, मान्य, पण त्यासाठी तिच्याकडून नीतीचा जबाब मागता येत नाही.

त्या सैनिकाची गोष्ट मात्र तुम्ही चुकीच्या जागी आणलीत. जर्मन सैन्याने रशियात केलेल्या पापाची वसुली बर्लिनच्या बाईच्या शरीरातून झाली. तुमची मांडणी तशीच पुढे नेली तर तीही तिथेच पोचते. तुम्हाला तसं म्हणायचं नसेल, हे मला माहीत आहे.

आणि मरणाऱ्यांना मान, जगणाऱ्यांना गप्प करणं हे तिकडेही झालंच. डायरी आधी १९५४ला अमेरिकेत इंग्रजीत निघाली. जर्मनमध्ये १९५९ला आली, तीही स्वित्झर्लंडमधून. तेव्हा जर्मन बायकांची अब्रू घालवली म्हणून तिच्यावर टीका झाली. बाईने ठरवलं की मी जिवंत असेपर्यंत पुन्हा छापायची नाही. ती २००१मध्ये वारली, २००३ला डायरी पुन्हा निघाली आणि भरपूर खपली. डायरीच्या शेवटी तिचा प्रियकर गेर्ड लढाईवरून परत येतो. ती त्याला वह्या वाचायला देते. त्याला तिचा भूक-अत्याचाराचा काळ दिसत नाही, तुम्ही बायका निर्लज्ज झालात एवढंच दिसतं. आणि निघून जातो.

सातरस्ता_वकील
अब्रू हा शब्द निघालाच आहे म्हणून थोडक्यात. १९४९च्या चौथ्या जिनिव्हा कराराच्या २७व्या कलमात बलात्कारापासून संरक्षण आहे, पण ते 'अब्रूवरील हल्ला' या नावाखाली. म्हणजे कायद्यानेही जखम बाईच्या शरीरावर न धरता इभ्रतीवर धरली. १९९८मध्ये रवांडासाठीच्या आंतरराष्ट्रीय न्यायाधिकरणाने अकायेसू खटल्यात बलात्कार हा वंशसंहाराचा भाग ठरू शकतो असा निकाल दिला, तेव्हा कुठे भाषा बदलली.

नळदुर्गरोड
बाळीवेसकर काका, तुम्ही १९४८ काढलंत तर पुढचंही बोलायला हवं. १३ सप्टेंबरला निजामाविरुद्धची पोलीस ॲक्शन सुरू झाली, तेव्हा भारतीय फौजेची मुख्य तुकडी आपल्या सोलापुरातूनच नळदुर्गकडे निघाली. रझाकारांचा जुलूम संपला, पण त्यानंतर मराठवाड्यात मुस्लिम वस्त्यांवर जे झालं ते भारत सरकारने चौकशीला पाठवलेल्या सुंदरलाल समितीने लिहून ठेवलं. सर्वांत जास्त झळ बसलेल्या चार जिल्ह्यांत आपला शेजारचा उस्मानाबाद, म्हणजे आताचा धाराशिव, आहे. बलात्कार, बायका पळवणं, सगळं त्यात आहे. माझ्या आजीच्या बहिणीने तेव्हा कुंकू लावून दोन वर्षं एका घरात काढली. नंतर परत आली, पण त्या दोन वर्षांबद्दल तिला कुणी एक शब्द विचारला नाही, आणि तिनेही काही सांगितलं नाही. विहिरीत उडी मारली असती तर तिची गोष्ट आमच्याही घरात सांगितली गेली असती.

बाळीवेसकर
दोन दिवस उत्तर लिहिलं नाही. माझं मत बदललं आहे असं नाही. काकूने जे केलं ते मला आजही मोठं वाटतं.

पण 'विचारलं नाही' हे वाचून आठवलं ते सांगतो. दर पितृपक्षात अविधवा नवमीला आमच्याकडे काकूच्या नावाने सवाष्ण जेवते, ओटी भरली जाते. त्याच रात्री वडिलांची एक चुलत बहीणही गावात मागे राहिली होती. ती पोलीस ॲक्शननंतर सोलापुरात आली. मी पाच-सहा वर्षांचा असताना ती मागच्या पडवीत झोपायची, तिचं ताट वेगळं असायचं, एवढं आठवतं. आम्ही मुलं तिला नुसतं 'पडवीतली' म्हणायचो. नाव मी वडिलांना कधी विचारलं नाही, आणि आता सांगणारं कुणी उरलेलं नाही.